औषध निकामी होते तेव्हा : जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातील एक न बोललेले दुखणे

आपल्या बोलीत ‘उन्हाळी लागणे’ असा एक जुना शब्दप्रयोग आहे. लघवी करताना आग होणे, थेंबथेंब लघवी होणे, जाऊन आल्यावरही पुन्हा जावेसे वाटणे, या त्रासाला आपल्या आजी-पणजींनी हे नाव दिले. त्यावर धन्याचे पाणी, भिजवलेला सब्जा, वाळ्याचे सरबत असे उपाय घरोघरी केले जात. अंगात उष्णता वाढली म्हणजे हे दुखणे जडते आणि थंड काही घेतले म्हणजे ते जाते, अशी समजूत होती. या समजुतीत सत्याचा अंश आहे. उन्हाळ्यात पाणी कमी पोटात जाते, लघवी कमी होते आणि त्रासाला वाव मिळतो. परंतु बहुतेक वेळा या आगीचे मूळ कारण उष्णता हे नसते. मूत्रमार्गात शिरून वाढलेले जिवाणू हे तिचे कारण असते.

या जिवाणूंवर औषधे आहेत, आणि गेली कित्येक दशके ती चांगली लागू पडत आली आहेत. चार-पाच दिवसांच्या गोळ्या घ्याव्यात आणि कामाला लागावे, इतके हे दुखणे साधे झाले होते. आता मात्र या गोळ्यांना जिवाणू दाद देईनासे झाले आहेत. वैद्यकशास्त्रात यास ‘प्रतिजैविकांना होणारा प्रतिरोध’ असे म्हणतात. वर्तमानपत्रांतून याची चर्चा होते ती बहुधा मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांच्या संदर्भात. परंतु आपल्या पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांकडे पाहिले, म्हणजे या प्रश्नाची वेगळी बाजू ध्यानात येते. जेथे पहिली गोळी मिळवण्यासाठीच मैलोगणती चालावे लागते, तेथे ती गोळी निकामी ठरणे याचा अर्थ काय होतो, हे आपण या लेखात समजून घेऊ या.

दुखणे नेमके काय आहे?

आपल्या आतड्यांत कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यांत ‘इशेरिशिया कोलाय’, म्हणजेच ‘ई. कोलाय’ नावाचा एक जिवाणू आहे. थिओडोर एशरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली प्रथम त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला हे नाव मिळाले. आतड्यात असताना तो सहसा उपद्रव करीत नाही. परंतु तो मूत्रमार्गात शिरला, तर तेथील अस्तराला चिकटून राहतो आणि वाढू लागतो. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक संसर्ग या एकाच जिवाणूमुळे होतात. ‘क्लेब्सिएला’ आणि इतर काही जिवाणू उरलेल्यांना कारणीभूत असतात.

स्त्रियांना हा त्रास अधिक होतो, याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. पुरुषाची मूत्रनलिका सुमारे २० सेंटिमीटर लांब असते, तर स्त्रीची जेमतेम ४ सेंटिमीटर. जिवाणूला मूत्राशयापर्यंत पोहोचण्यासाठी फारच थोडे अंतर कापावे लागते. म्हणूनच जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. यात स्त्रीच्या वागण्याचा किंवा चारित्र्याचा काही दोष नसतो, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लाजेपोटी हे दुखणे झाकून ठेवले जाते, आणि झाकल्यामुळेच ते वाढते.

संसर्ग मूत्राशयापुरता असेल, तर आग आणि वेदना यांवर भागते. तोच वर चढून मूत्रपिंडापर्यंत पोहोचला, तर थंडी वाजून ताप येतो, कुशीत दुखते, उलट्या होतात. तेथून जिवाणू रक्तात उतरले, तर माणूस दगावू शकतो. साधे वाटणारे दुखणे आणि जीवघेणा आजार यांच्यामध्ये अनेकदा वेळेवर लागू पडलेले औषध एवढाच आडोसा असतो.

पाणी, आडोसा आणि वीटभट्टी

जव्हार हे एकेकाळचे मुकणे राजघराण्याचे संस्थान. आज जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके मुख्यत्वे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा आदिवासी बांधवांचे आहेत. येथे पाऊस भरपूर पडतो. जव्हारला वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक. परंतु डोंगरउतारावरून तो वाहून जातो. मार्च उजाडला, की विहिरी तळ गाठतात आणि एप्रिल-मे महिन्यांत अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात, कोचाळे गावाजवळ उभे आहे. त्या धरणाच्या परिसरातील स्त्रिया मात्र डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढत-उतरत असतात.

या पाणीटंचाईचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. भरपूर लघवी होणे ही मूत्रमार्गाची नैसर्गिक धुलाई आहे. चिकटू पाहणारे जिवाणू तिच्याबरोबर बाहेर पडतात. २०१८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे सांगण्यासारखा आहे. वारंवार हा संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया त्यात सहभागी होत्या. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांनी दररोज नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी अधिक प्यायले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. ज्यांनी पाणी वाढवले नाही, त्यांना सरासरी ३.२ वेळा. म्हणजे केवळ पाण्याने दुखणे जवळपास निम्म्यावर आले. परंतु ज्या घरात एक हंडा पाणी आणायला दोन तास लागतात, तेथील माउली आपल्या वाट्याचे दीड लिटर कोठून काढणार? घरातील सर्वांचे पिऊन झाल्यावर उरेल तेच ती पिते.

दुसरी बाजू स्थलांतराची आहे. भाताची कापणी-झोडणी उरकली, दिवाळी सरली, की या दोन्ही तालुक्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणच्या परिसरातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. शिमग्याला गावी येऊन जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आपल्यापैकी अनेकांच्या घराच्या भिंतींतील विटा त्यांच्याच हातांनी थापलेल्या आहेत. भट्टीवर झोपडी असते, पण बहुतेक ठिकाणी शौचालय नसते. स्त्रिया पहाटेच्या अंधारात आडोशाला जातात आणि मग दिवसभर लघवी रोखून धरतात. पुन्हा जावे लागू नये म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात. उन्हात, आगीच्या धगीजवळ, घाम गाळीत. मूत्रमार्गाच्या संसर्गाला याहून अनुकूल परिस्थिती दुसरी कोणती असू शकेल?

त्रास सुरू झाला, की एक दिवसाची मजुरी बुडवून सरकारी दवाखान्यात जाण्यापेक्षा जवळच्या मेडिकलमधून दोन-चार गोळ्या आणणे स्वस्त पडते. दुकानदार चिठ्ठी विचारीत नाही. आग थोडी कमी झाली, की गोळ्या थांबतात. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी किंवा शेजारणीसाठी राखून ठेवल्या जातात. या गरिबीला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु अशा प्रत्येक वेळी जिवाणूंच्या जगात काय घडते, ते मात्र समजून घेतले पाहिजे.

जिवाणू औषधाला कसे पचवतात?

डोंगरातील शेतकऱ्याला राब भाजणे ठाऊक असते. भाताचे किंवा नाचणीचे रोप टाकण्यापूर्वी तो वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळतो. त्यामुळे तणाचे बी मरते आणि रोपाला मोकळी जागा मिळते. परंतु काही तण असे असते, की ते त्या आगीलाही पुरून उरते. दरवर्षी तीच आग दिली, तर हळूहळू तेच चिवट तण शिल्लक राहील आणि पसरेल, कारण त्याच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे सगळे जळून गेलेले असेल.

प्रतिजैविकांचे असेच होते. अनुकूल स्थितीत ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. या हिशेबाने एका जिवाणूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक जिवाणू होतात. एवढ्या मोठ्या संख्येत नक्कल उतरवताना चुका होतात, आणि एखाद्या चुकीमुळे एखादा जिवाणू औषधाला तोंड देण्यास समर्थ ठरतो. औषध आले, की दुर्बळ मरतात आणि तो समर्थ उरतो. औषधाने प्रतिरोध ‘निर्माण’ केला असे नव्हे. त्याने प्रतिरोधी जिवाणूंची निवड केली.

या समर्थ जिवाणूंच्या युक्त्या चार प्रकारच्या असतात. काही जिवाणू औषधाचे तुकडे करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. काही आत आलेले औषध पंपाप्रमाणे बाहेर फेकतात. काही आपल्या भिंतीतील दारे अरुंद करतात, जेणेकरून औषध आत शिरू नये. आणि काही औषधाचा नेम जेथे लागतो, ती जागाच बदलून टाकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन व नॉरफ्लॉक्सासिन या गोळ्या भारतात एकेकाळी उन्हाळीवर सर्रास दिल्या जात. त्या आज अनेकदा निरुपयोगी ठरतात, त्यामागे जागा बदलण्याची ही युक्ती प्रामुख्याने आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. प्रतिरोधाची ही विद्या जिवाणू आपल्या पिल्लांनाच देतात असे नाही. ‘प्लास्मिड’ नावाची जनुकांची छोटी वर्तुळे असतात. त्यांच्या द्वारे एक जिवाणू शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही ही विद्या देऊन टाकतो. एकाच प्लास्मिडवर चार-पाच औषधांवरचा तोडगा असू शकतो. शिवाय आपण घशासाठी किंवा सर्दीसाठी विनाकारण घेतलेली प्रतिजैविकेही आतड्यातील ई. कोलायपर्यंत पोहोचतात. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग नसतो. परंतु त्या गोळ्यांनी आतड्यात चिवट तण मात्र उरते, आणि काही महिन्यांनी तेच मूत्रमार्गात उतरते.

इशारे मिळाले होते

हा धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी दिलेल्या व्याख्यानातच त्यांनी जगाला सावध केले होते. त्यांनी एक काल्पनिक उदाहरण दिले. एक मनुष्य घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो, अपुऱ्या मात्रेत घेतो आणि त्याच्या शरीरातील जंतू औषधाला सरावतात. ते जंतू त्याच्या पत्नीला जडतात, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन तिच्यावर चालत नाही. ती दगावते. या उदाहरणातील मर्म असे, की निष्काळजीपणा एकाचा असतो आणि किंमत दुसराच मोजतो.

आपल्या देशाच्या बाबतीत इशारा आला तो २००९ साली. भारतीय वंशाच्या एका स्वीडिश नागरिकाला भारतात असताना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता. २००८ साली त्याच्या लघवीत सापडलेला क्लेब्सिएला जिवाणू ‘कार्बापेनेम’ या राखीव इंजेक्शनांनाही जुमानत नव्हता. त्यातील नव्या विकराचे वर्णन डिसेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यास ‘एनडीएम-१’ असे नाव देण्यात आले. त्यातील ‘एनडी’ म्हणजे नवी दिल्ली. या नावावरून देशात बरीच नाराजी उमटली. परंतु मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांना असे २४ प्रतिरोधी जिवाणू आढळले होते आणि त्यांपैकी २२ जिवाणूंत हा विकर होता. नावाचा वाद काहीही असो, जिवाणू आपल्या दारी आलेला होता.

त्यानंतरचे चित्र भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अहवालांतून दिसते. ही परिषद देशातील मोठ्या रुग्णालयांतून प्रतिरोधाची माहिती गोळा करते. २०१७ साली तेथे सापडलेल्या ई. कोलायपैकी सुमारे ८१ टक्के जिवाणूंवर इमिपेनेम हे कार्बापेनेम गटातील औषध चालत होते. २०२३ साली हे प्रमाण सुमारे ६३ टक्क्यांवर आले. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतील गंभीर रुग्णांचे आहेत, खेड्यापाड्यांतील साध्या रुग्णांचे नव्हेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही कल कोणत्या दिशेने आहे, हे त्यांतून स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२३ साली जगात प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या दर सहा जिवाणू-संसर्गांपैकी एक प्रतिरोधी होता. भारताचा समावेश असलेल्या आग्नेय आशिया विभागात हे प्रमाण तिनात एक असे होते.

डोंगरात प्रतिरोध म्हणजे अंतर

शहरात एक गोळी चालली नाही, तर डॉक्टर दुसरी देतात. दुसरी चालली नाही, तर लघवीची तपासणी होते आणि इंजेक्शन सुरू होते. खर्च वाढतो, मनस्ताप होतो, पण वाट सापडते. जव्हार-मोखाड्यात प्रत्येक पुढचे औषध भौगोलिकदृष्ट्याही पुढे असते. आशा सेविकेकडून उपकेंद्र, उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय, आणि त्यापुढे नाशिक, ठाणे, मुंबई. पहिली साधी गोळी पाड्याजवळ मिळते. दिवसातून दोन-तीनदा शिरेतून द्यावयाचे राखीव औषध मिळते ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच. दाखल होणे म्हणजे सोबत एक माणूस, दोघांची बुडालेली मजुरी, घरी एकटी राहिलेली मुले, आणि कधी कर्ज. म्हणजे पहिली गोळी निकामी झाली, की रुग्ण उपचारापासून एकदम कित्येक मैल दूर फेकला जातो.

हे अंतर किती कठीण असू शकते, हे ऑगस्ट २०२२ मध्ये सर्व महाराष्ट्राने पाहिले. मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर सात महिन्यांच्या गरोदर स्त्रीची घरीच प्रसूती झाली आणि तिची जुळी बाळे दगावली. रस्ता नसल्यामुळे रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला निसरड्या उतारावरून डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले. या घटनेचा मूत्रमार्गाच्या संसर्गाशी संबंध होता, असे मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु ज्या भागात रुग्णालयाची वाट अशी असते, तेथे आजार रुग्णालयापर्यंत जाऊच नये यासाठी पाड्यावरील औषधाची शक्ती किती मोलाची असते, हे त्यावरून कळते.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे. गरोदरपणात मूत्रमार्गाचे स्नायू सैलावतात आणि लघवी साचून राहते. काही स्त्रियांच्या लघवीत भरपूर जिवाणू असतात, पण त्रास काहीच जाणवत नाही. उपचार न झाल्यास अशा स्त्रियांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या स्त्रियांचा संसर्ग पुढे मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. त्यातून अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ हे धोके संभवतात. कमी वजनाचे बाळ म्हणजे कुपोषणाची पहिली पायरी. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी १९९२ साली सरकारला हादरवले होते, आणि २०१६ साली मोखाड्यातील कुपोषणाने पुन्हा एकदा सर्वांचे लक्ष वेधले. कुपोषणाची चर्चा करताना आपण धान्याबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मातेच्या लघवीतील जिवाणूही त्या साखळीतील एक कडी असू शकतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

तीव्र कुपोषित बालकांतही मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार आढळतो. त्यांच्या शरीरात ताप आणण्याइतकेही बळ नसल्याने तो लपून राहतो. म्हणूनच अशा बालकांना आहाराबरोबर साधे प्रतिजैविकही देण्याची वैद्यकीय पद्धत आहे. ते साधे औषधच लागू पडेनासे झाले, तर दूध आणि खिचडीनेही बाळ सावरत नाही.

हाताशी काय उरले आहे?

सुदैवाने सारे संपलेले नाही. ‘नायट्रोफ्युरँटॉइन’ नावाची जुनी गोळी १९५३ सालापासून वापरात आहे. ती जिवाणूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालते, म्हणून तिला चुकवणे जिवाणूला अवघड जाते. ती मूत्राशयातील संसर्गावर आजही बहुतांश ठिकाणी चालते आणि महागही नाही. ‘फॉस्फोमायसिन’ हे दुसरे औषध एकाच मात्रेत घ्यावयाचे असते. परंतु ही नावे वाचून कोणी स्वतःच औषध आणू नये. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंडाच्या संसर्गावर उपयोगी पडत नाही. प्रसूतीचे दिवस अगदी जवळ आलेले असताना ती टाळतात. आणि ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी तिच्यामुळे फुटू शकतात. कोणाला काय द्यावे, हे डॉक्टरच ठरवू शकतात.

नेमके औषध निवडण्यासाठी लघवीची ‘कल्चर’ तपासणी करतात. नमुन्यातील जिवाणू वाढवून त्यावर निरनिराळी औषधे लावून पाहतात. अहवालात औषधापुढे ‘एस’ असेल तर ते चालते, ‘आर’ असेल तर जिवाणू त्याला जुमानत नाही. यास साधारण दोन दिवस लागतात. अडचण अशी, की लघवीचा नमुना साध्या तापमानात दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. नाही तर त्यातील जिवाणू वाटेतच वाढतात आणि निष्कर्ष चुकतो. पाड्यावरून जव्हारला दोन तासांत नमुना नेणे पावसाळ्यात स्वप्नवतच आहे. यावर एक साधा उपाय उपलब्ध आहे. बोरिक आम्ल घातलेल्या डबीत नमुना ठेवला, तर शीतकपाटाशिवायही तो सुमारे २४ तास टिकतो. आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या संस्थांनी अशा डब्यांची आणि प्रयोगशाळेपर्यंतच्या वाहतुकीची सोय केली, तर अंदाजाने औषध देण्याची पाळी कमी येईल.

येथे आणखी एक गोष्ट, विशेषतः आपल्या घरातील वृद्धांसाठी. वृद्ध स्त्रिया, मधुमेही किंवा लघवीची नळी लावलेले रुग्ण यांच्या तपासणीत जिवाणू आढळतात, पण त्रास काही नसतो. अशा वेळी केवळ कागदावर जिवाणू दिसले म्हणून प्रतिजैविक द्यायचे नसते. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हावयाची असलेले रुग्ण हे प्रमुख अपवाद. डॉक्टरांनी औषध दिले नाही, तर ते निष्काळजी आहेत असा समज करून घेऊ नये.

कायदा आणि आपली जबाबदारी

सरकारने याबाबत काही पावले उचलली आहेत. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिम, सेफट्रायॅक्सोन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव स्वतंत्र नोंदवहीत लिहिणे आणि ती नोंद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. २०१६ पासून ‘लाल रेघे’ची मोहीम सुरू झाली, औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते चिठ्ठीशिवाय घेऊ नये. अक्षरओळख नसलेल्यालाही ही खूण समजू शकते. केरळ राज्याने २०१८ साली स्वतःचा कृती आराखडा तयार केला आणि २०२४ साली चिठ्ठीविना प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर तपासणी मोहीम हाती घेतली. मनात आणले, तर हे होऊ शकते.

परंतु जेथे डॉक्टरच दूर आहे, तेथे केवळ दुकानावर बंदी घालून भागणार नाही. चिठ्ठी मागायची तर चिठ्ठी देणारा पोहोचण्याजोगा असला पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’खाली सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते, त्यात लघवीची तपासणीही असते. भट्टीवर आलेल्या गरोदर स्त्रीला ही सोय आपल्या भागातही आहे, हे बहुधा ठाऊक नसते. आपल्या धर्मग्रामातील महिला मंडळांनी, युवकांनी आणि धर्मभगिनींनी जवळच्या भट्ट्यांवर जाऊन एवढी एक माहिती दिली आणि त्या दिवशी सोबत केली, तरी मोठे काम होईल.

ज्यांच्या जमिनीवर भट्ट्या आहेत, ज्यांच्याकडे मजूर कामाला आहेत, त्यांनी पिण्याचे स्वच्छ पाणी आणि स्त्रियांसाठी दार लावता येईल असे शौचालय यांची सोय करावी. शौचालयाला दारही हवे आणि पाणीही हवे. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग होत नाही. प्रतिजैविकांची गरजच कमी करणारा याहून खात्रीचा उपाय नाही.

आणि आपल्या स्वतःच्या घरात? लघवीला आग होऊ लागल्यास भरपूर पाणी प्यावे. लघवी रोखून धरू नये. धन्याचे पाणी किंवा सब्जा घेण्यास हरकत नाही, पण त्यावर विसंबून दिवस काढू नयेत. थंडी-ताप, कुशीतील वेदना, उलट्या किंवा लघवीत रक्त असेल, रुग्ण गरोदर स्त्री, लहान मूल किंवा पुरुष असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सर्दी-पडशासाठी प्रतिजैविकाचा आग्रह धरू नये. डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस औषध घ्यावे. मधेच सोडू नये, आणि ‘राहू दे आणखी दोन दिवस’ म्हणून लांबवूही नये, कारण गरजेपेक्षा अधिक दिवस औषध घेण्यानेही चिवट जिवाणूंनाच वाव मिळतो. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यांना देऊ नयेत.

बाकीची बहुतेक औषधे घेणाऱ्यापुरतीच असतात. मी घेतलेली रक्तदाबाची गोळी दुसऱ्याची गोळी निकामी करीत नाही. प्रतिजैविक मात्र गावच्या विहिरीसारखे आहे. वसईत किंवा विरारला विनाकारण घेतलेल्या गोळ्यांनी निवडलेले जिवाणू माणसांबरोबर, सांडपाण्याबरोबर फिरत राहतात आणि पावसाच्या तोंडावर भट्टीवरून गावी परतणाऱ्या एखाद्या स्त्रीबरोबर डोंगर चढून पाड्यावर पोहोचतात. आपल्याला दुसरे औषध मिळेल. तिच्या पाड्याजवळ बहुधा तेवढी एकच गोळी असते; ती चालती राहावी, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.